कावळे नव्हते तो हिवाळा

यंदा तुरीच्या राशी उरकल्या आणि शाळेमागच्या चिंचेवर कावळे परत आले. आधी दोन दिसले, मग पाच-सहा. सकाळी ओसरीवर चहाची बशी हातात धरून बसलो होतो तर चिंचेतून आवाज आला. गया, माझी बायको, चुलीपुढून उठून दारात आली.

"ऐकलं का?"

"ऐकलं."

एवढंच बोललो आणि दोघंही चिंचेकडं बघत राहिलो. कावळा ओरडला म्हणून दोन म्हातारी माणसं हातातलं काम टाकून कान देतात, असं पूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. कावळा हा काय ऐकायचा आवाज आहे? तो असतोच, वाऱ्यासारखा. नसला म्हणजे कळतं. दोन हिवाळ्यांमागं तो नव्हता.

आमचं गाव जळकोटच्या अलीकडं, तिरू नदीच्या काठाला. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं शिकवायला बाप तयार होता, मीच गेलो नाही. मला कोंबड्यांचा नाद. आईनं माहेराहून पाटीत घालून एक तलंग, कोवळी कोंबडी, आणली होती, तिच्याच पिल्लांच्या पिल्लांनी आजवर माझं खुराडं भरलेलं आहे. बाहेरची कोंबडी मी कधी घेतली नाही. जळकोटच्या बाजारात माझा कोंबडा पाटीतून बाहेर काढायच्या आत विकला जातो, हे मी सांगायची गरज नाही, बाजार सांगतो.

खुराडं दगडाचं, वर पत्रा, पुढं सागवानी दार, त्याला लोखंडी साखळीची कडी. संध्याकाळी कोंबड्या आत आल्या की कडी लावायची, उजाडलं की काढायची. दिवसा ते दार लावलेलं मी कधी बघितलं नव्हतं. उकिरडा उकरत नाही ती कोंबडी कसली, असं मी म्हणायचो. अजूनही मनातून म्हणतो.

आणि एक रीत होती. गया पहिली भाकरी टाकायची, तिचा पहिला घास मी खुराड्याच्या पत्र्यावर ठेवायचो. कावळ्याचा. तो खाऊन गेला की मग आम्ही खायचं. आई ठेवायची म्हणून मी ठेवायचो. का, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात धुकं लई पडायचं. तुरी वाळून उभ्या होत्या, हरभऱ्याला घाटे धरत होते. एका सकाळी शाळेचे मास्तर सांगत आले की चिंचेखाली सात कावळे मरून पडलेत. मी बघायला गेलो. पाय वर, चोची उघड्या, अंगावर कुठं जखम नाही. पिकलेली चिंच गळावी तसे ते गळले होते. मी तिथं उभा असताना वरून आणखी एक पडला. आवाज लहानच झाला, ओलं फडकं टाकावं तसा.

पण माझ्या अंगावर काटा आला तो दुसऱ्याच गोष्टीनं. एक कावळा मेला तर शंभर गोळा होतात, आकाश डोक्यावर घेतात, हे लहानपणापासून बघितलेलं. त्या दिवशी झाडावर अजून पंधरावीस बसलेले होते. खाली त्यांचीच माणसं पडलेली. आणि एकही ओरडत नव्हता. माना खांद्यात घालून बसले होते.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण बाई आली. वयानं लहान, पण कामाला पक्की. हातमोजे घालून तिनं दोन कावळे पिशवीत घेतले. चार दिवसांनी खबर आली की बर्ड फ्लू आहे. मग पांढऱ्या कापडात डोक्यापासून टाचेपर्यंत झाकलेली चार माणसं आली. डोळे तेवढे दिसायचे, तेही काचेमागं. चिंचेच्या पलीकडं खड्डा काढून त्यांनी कावळे पुरले, वर चुना टाकला. बाया दारं लावून फटीतून बघत होत्या. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं की कोंबड्या मोकळ्या सोडू नका, मेलेल्या पाखराला हात लावू नका. भोंगा बंद झाला आणि गावात असं काही गप्प झालं की चुन्याचा वाससुद्धा ऐकू येईल असं वाटावं.

पुढच्या आठ दिवसांत कावळे संपले. कोंबडा पहाटे आरवायचा आणि मधेच थांबायचा, समोरून काही उत्तर येतंय का बघितल्यासारखा. कोंबड्या उकिरड्यावर जायच्या पण उकरायच्या कमी. मान वर करून आभाळाकडं बघत उभ्या राहायच्या. घार आली की कावळे आधी बोंब ठोकतात, तेवढ्यात कोंबडी पिल्लं पंखाखाली घेते. आता सांगणारं कुणी नव्हतं. भर उन्हात सत्तावीस कोंबड्या माना वर करून उभ्या आहेत आणि आभाळ रिकामं आहे, हे मी बघितलंय.

माझ्या ओसरीसमोर बांध आहे. बांधापलीकडं अण्णाचं रान. अण्णा माझा थोरला भाऊ. वाटण्या होऊन जमाना झाला, पण विहीर एकच. त्याच्या रानात त्याच्या लेकानं, गोविंदानं, पोल्ट्रीचं शेड टाकलं होतं. चार हजार पिल्लं. गोविंदानं नोकरी सोडून, सगळं पणाला लावून ते उभं केलं होतं. खबर आल्यापासून शेडाच्या फाटकात चुना, आत जायचे बूट वेगळे, पाहुण्याला मनाई. पोरगं सुकून गेलं होतं. त्याला भीती एकच. माझ्या कोंबड्या चिंचेखाली जायच्या आणि तिथून बांध ओलांडून त्याच्या शेडाबाहेर सांडलेलं खाद्य टिपायच्या.

तो मला बोलला नाही. चुलत्याला कसं बोलावं. अण्णा आला. काठी टेकत, दम खात. त्याला दम्याचा त्रास होता, थंडीत जास्तच.

"कोंबड्या कोंड," उभ्याउभ्याच म्हणाला.

"का?"

"का म्हणून इचारतोस? चिंचेखाली जाऊन बघ."

"कावळे मेलेत. माझी एक तरी मेली का?"

"मरायची वाट बघतोस व्हय? तिच्या पायाला लागून गोविंदाच्या शेडात गेलं म्हणजे?"

"शेडातल्या पिल्लांना वारं लागलं तरी मरतात. त्याचा ठपका माझ्या कोंबडीवर कशाला?"

गया आतून म्हणाली, "भाऊजी, बसा तरी. च्या टाकलाय."

"नको बाई. ह्याच्या दारचा च्या घशाखाली उतरायचा न्हाई आज."

"मग साखर वाचली," मी म्हणालो.

तो हसला नाही. एरवी हसला असता. जाताना खुराड्यापाशी थांबला. त्याची एक सवय होती, कुठल्याही दारासमोरून गेला की कडी दोनदा हलवून बघायचा. लागली असो, नसो. लहानपणी बापानं त्याच्यावर गोठ्याच्या दाराची जबाबदारी टाकली होती तेव्हापासूनची. त्या दिवशी दार उघडं होतं, खुराडं रिकामं होतं, तरी त्यानं लोंबती साखळी हातात घेऊन दोनदा हलवली. माझ्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अण्णानं शेडाच्या फाटकाशी बाजलं टाकलं. डोक्याला मफलर, अंगावर घोंगडं, हातात काठी. पहाटेच्या धुक्यापासून दिवस मावळेपर्यंत तिथं बसायचा आणि माझी कोंबडी बांधावर चढली की काठी आपटायचा. मला इथून ते ऐकू यायचं. खट. खट. गया म्हणायची, "आवं, भाऊ थंडीत बसलाय. कोंडा की चार दिस. काय अब्रू जाती का तुमची?" मी म्हणायचो, त्याला कुणी बसायला सांगितलंय. घास मी पत्र्यावर ठेवतच होतो. खायला कुणी येत नव्हतं. संध्याकाळी भाकरीचा तुकडा वाळून तसाच असायचा, मुंग्या लागलेला.

पाच दिवस काठी वाजली. सहाव्या दिवशी वाजली नाही.

अण्णाच्या छातीत थंडी भरली होती. दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी गेला. गावात कुजबुज झाली की पाखरांचा रोग म्हाताऱ्याला लागला. डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, तसं काही नाही, वय आणि दमा आणि थंडी. लोकांचं समाधान झालं. माझं कसं होणार? पाखरांच्या रोगानं गेला असता तर मला बरं वाटलं असतं, इतकं वाईट माणूस मनात आणू शकतो. थंडीत तो का बसला होता, हे गावाला माहीत नव्हतं. मला होतं, गयाला होतं, गोविंदाला होतं. खांदा देताना तो माझ्या पुढं होता, त्याची पाठ तेवढी दिसत होती.

दहाव्याला तिरूच्या काठावर जमलो. डोकी झाली. गोविंदानं खडकावर पिंड ठेवले आणि आम्ही सगळे मागं सरकून उभे राहिलो. आमच्यात कावळा पिंडाला शिवला म्हणजे गेलेल्याचं मन मोकळं झालं. शिवला नाही म्हणजे त्याचं काहीतरी मागं राहिलंय. मग घरच्यांनी ओळखायचं, मोठ्यानं कबूल करायचं, की तुझं हे आम्ही करतो, तू जा.

कावळा आला नाही. येणार कुठून? हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पंचक्रोशीत कावळा उरला नव्हता, खड्डे आमच्या डोळ्यांदेखत भरले होते. पण खडकावर भात आहे, वर आभाळ मोकळं आहे आणि चाळीस माणसं वर बघत उभी आहेत, अशा वेळी माहीत असलेलं कामाला येत नाही. जो तो अण्णाचं काय राहिलं तेच शोधायला लागला.

"अण्णा, धाकटीचं लग्न मी थाटात करतो," गोविंदा म्हणाला.

काही नाही.

अण्णाची लेक नायगावला दिलेली. ती म्हणाली, "आईला मी अंतर देणार न्हाई, अण्णा."

काही नाही. नदीचं पाणी सुद्धा वाजत नव्हतं.

"आरं, त्याला च्या ठेवा," मागून कुणीतरी म्हणालं. "च्याबिगर तो कवा हलला व्हता?" लोक हसले. खरंच कपात चहा आणून ठेवला. मग तंबाखू ठेवली, चुन्याची डबी ठेवली. चहावर साय धरली. ऊन डोक्यावर आलं.

डोकी करायला आलेला मारुती वस्तरा पुसत म्हणाला, "कावळं असतील तर येतील की. पुरलेलं उठून येत्यात व्हय?"

"गप रे," दोघातिघांनी त्याला दाबलं. खरं बोलणारा तो एकटाच होता, आणि त्याचंच बोलणं अभद्र वाटलं.

मी सगळ्यांत मागं होतो. मला माहीत होतं काय राहिलंय. चाळीस माणसांत ते मला माहीत होतं, गयाला, आणि गोविंदाला. तो मागं वळून बघत नव्हता, पण त्याचे कान माझ्याकडं होते. सत्तर वर्षांत मी चारचौघांत एक शब्द मागं घेतला नव्हता. ज्याच्यापुढं घ्यायचा होता तो जिवंत असताना घेतला नाही, आता भाताच्या गोळ्यापुढं घ्यायचा? विधी सांगणाऱ्या महाराजांना पुढच्या गावी जायचं होतं, ते दर्भ शोधायला लागले. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात. आता तो बांधणार, आणि माझं माझ्याजवळच राहणार. कुणाला कळणार नव्हतं.

गया बायांच्या घोळक्यात होती. तिनं माझ्याकडं बघितलं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि बघत राहिली.

"अण्णा," मी म्हणालो. दोन पावलं पुढं सरकलो. परत म्हणालो, "अण्णा, कोंबड्या कोंडतो. आजपासून. दिवसाबी."

लोकांना कळलं नाही हे काय. कुणी हसलं, कुणी कुणाला विचारलं. गोविंदानं तेवढं डोळ्याला उपरणं लावलं. आम्ही सगळ्यांनी वर बघितलं.

कावळा आला नाही.

महाराजांनी दर्भाचा कावळा शिववला. कागदावर अंगठा उमटला पण माणूस समोर नाही, तसं ते झालं. आम्ही अंघोळी करून घरी आलो.

त्या दुपारी मी जोंधळे टाकून एकेक कोंबडी धरली. सत्तावीसच्या सत्तावीस. त्यांना कळेना की दिवस असून रात्र का झाली. दार लावलं, कडी घातली. संध्याकाळपर्यंत आतून चोची वाजत होत्या. मी पाठ करून बसलो. शब्द दिला म्हणून दिला. पटलं असं म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं नव्हतं. गयानं भाकरी टाकली, मी पहिला घास मोडला आणि पत्र्यावर ठेवला. कोंबड्या कोंडतो म्हणालो होतो, घास ठेवणार नाही असं म्हणालो नव्हतो. आणि आता त्या घासावर अण्णाचाही हक्क होता.

ओसरीवर येऊन बसलो, आणि तो आला. तीन आठवड्यांत दिसलेला पहिला कावळा. चिंचेकडून, खालून, पंख जड झाल्यासारखा. पत्र्यावर उतरला तेव्हा पाय घसरले. मान एका अंगाला कललेली. गया दारात येऊन माझ्यामागं उभी राहिली. घास त्याच्यापासून वीतभर होता. त्यानं बघितलासुद्धा नाही. पत्र्याच्या कडेनं चालत दारावर आला, खाली वाकला आणि साखळीवर चोच मारली. कडी वाजली. थांबला. परत मारली. परत वाजली.

आतल्या कोंबड्या एकदम गप्प झाल्या. सत्तावीस कोंबड्यांचा श्वास थांबल्याचं मला इथून कळलं.

मग तो पडला. दारासमोर, उंबऱ्याशी, एक पंख पसरून.

"हात लावू नका," गया म्हणाली. तिनं माझा सदरा मुठीत धरला होता.

मी गोविंदाला फोन केला. तो पळत आला आणि बांधावर थांबला. त्याला अलीकडं यायचं नव्हतं, शेड होतं मागं. मी पलीकडं जाणार नव्हतो. मधे शंभर पावलांचं रान, आणि आम्ही ओरडून बोललो.

"काका, कोंबड्या?"

"आत हायत."

"सगळ्या?"

"सगळ्या. कालपासून."

तो बांधावरच्या धोंड्यावर खाली बसला आणि तोंड उपरण्यात घातलं.

डॉक्टरीण बाई आली. कावळा पिशवीत घेतला, उंबऱ्यावर फवारलं, माझे चपला-कपडे बदलायला लावले, पत्र्यावरचा घास बघून मला चांगली झापली. मग बंद दाराकडं बघत म्हणाली, "बाबा, दार उघडं असतं तर ह्या आधी ह्यालाच चोची मारायला आल्या असत्या. आणि तुमची एक जरी मेली असती तर तुमच्या, पुतण्याच्या, आसपासच्या सगळ्या..." तिनं चिंचेपलीकडच्या चुन्याच्या खड्ड्याकडं बघितलं.

त्या कावळ्याला रोग होता, हे नंतर कळलं. तोवर रोज सकाळी मी खुराड्याच्या दाराला कान लावायचो. आतून पाय खाजवल्याचा आवाज आला की मगच चहा प्यायचो. एकही मेली नाही. गोविंदाचीही पिल्लं वाचली. शेवटी तो घरी आला, ओसरीवर बसला, चहा प्यायला.

"काका, अण्णा असताना ऐकलं असतं तर," एवढंच म्हणाला.

अण्णाचं बाजलं अजून त्याच्या फाटकाशी आहे, सुंभ सैल झालाय. तोही उचलत नाही, मीही सांगत नाही.

तो कावळा म्हणजे अण्णा होता, असं मी कुणाला सांगत नाही. बाई म्हणाली, हा रोग डोक्यात जातो, मान वाकडी होते, पाखरं कुठंही चोची आपटतात. असेल. ती शिकलेली आहे. पण दोनदाच?

परवा फोनवर बातमी आली, पलीकडच्या तालुक्यात कोंबड्या मरायला लागल्यात. गोविंदानं फाटकात चुना टाकला. मी काही टाकलं नाही, माझं दार त्या हिवाळ्यापासून दिवसाही बंदच असतं. पुढं जाळीचं अंगण करून दिलंय, तेवढ्यात त्या उकरतात. बाईनं झापल्यापासून घास खुराड्यावर ठेवत नाही. लांब बांधावर ठेवतो, गोविंदा बसला होता त्या धोंड्यावर. दोन वर्षं तो चिमण्या नि मुंग्यांनी खाल्ला.

आज सकाळी तिथं घास ठेवून आलो. चिंचेवरचा एक कावळा उठला, बांधावर उतरला, घासापाशी गेला आणि थांबला. खाल्ला नाही. उडाला आणि खुराड्याच्या पत्र्यावर येऊन बसला. मान एका अंगाला कलती करून खाली दाराकडं बघायला लागला.

मी बशी ठेवली.

"कुठं निघालाव?" गया म्हणाली.

"कुठं न्हाई."

उठताना गुडघे वाजले. मी जवळ गेलो तरी कावळा हलला नाही, थोडा सरकला तेवढंच. कडी लावलेली होती. तरी साखळी हातात घेतली आणि हलवली. एकदा. परत एकदा.

डोक्यावर पंख वाजले, बांधाकडं गेले. मी वळलो नाही, साखळी हातात धरून तसाच उभा राहिलो. आत कोंबड्या गप्प होत्या.

मागून, ओसरीवरून, गया हळूच म्हणाली, "शिवला."